रोटेशन होतं, पण स्टेपनी कोरीच राहते: पाच टायरांचा फेरा कसा बसवायचा

तक्रार ओळखीची आहे. गाडी चाळीस-पंचेचाळीस हजार किमीला आलेली असते, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं असतं, दर दहा हजारांना टायर रोटेशनचे, म्हणजे टायरांच्या जागा आपसात बदलण्याचे, पैसेही भरलेले असतात. मग खडीच्या रस्त्यावर एका टायरला साइड कट बसतो, स्टेपनी उतरवली जाते आणि तिच्यावरचे कारखान्यातले रबराचे केससुद्धा जसेच्या तसे दिसतात. ती चढवली की गाडी एका अंगाला ओढायला लागते. जोडीला नवा टायर घ्यायला जावं, तर त्या नक्षीचा टायर आता येत नाही. शेवटी चारही बदलावे लागतात, स्टेपनी पुन्हा मागे लटकते आणि पुढच्या सेटला हाच प्रकार पहिल्यापासून सुरू होतो.

यावर उपाय आहे: चाराऐवजी स्टेपनीसकट पाचही टायर फेऱ्यात फिरवायचे. खर्च फारसा नाही, पण तो पहिल्या रोटेशनपासून करावा लागतो. नंतर केला तर अर्धाच लागू पडतो.

उदाहरणाला बोलेरो घेतो. आपल्याकडे गावोगावी आहे, स्टेपनी मागच्या दारावर डोळ्यांसमोर असते आणि बहुतेक बोलेरोंना पाचही चाकं एकाच मापाची, २१५/७५ आर १५, लोखंडी डिस्कवर (रिमवर) असतात. अशा गाडीत पाचवा टायर फेऱ्याबाहेर ठेवायला काहीच कारण नाही.

आधी तुमची स्टेपनी फेऱ्यात घेण्यासारखी आहे का ते बघा

टायरच्या अंगावरचं माप वाचा. चालत्या टायरांचं आणि स्टेपनीचं माप, त्यापुढचा वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर तंतोतंत एकच असेल, तर ती फेऱ्यात येते. बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलला चालती चाकं मोठ्या अलॉयवर (मिश्रधातूच्या डिस्कवर) आणि स्टेपनी एक इंच लहान लोखंडी डिस्कवर असते. काहींवर ताशी ८० किमीच्या वर जाऊ नका असं स्टिकर असतं. ती स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरतीच आहे, तिला फेऱ्यात घ्यायचं नाही. अशा गाडीला चार टायरांचं रोटेशन हेच बरोबर.

मधला प्रकार म्हणजे माप एकच, पण चार अलॉय आणि स्टेपनीची डिस्क लोखंडी. इथे दोन वाटा आहेत. एक, लोखंडी डिस्कसकट चाक फिरवायचं. भाड्याच्या किंवा शेताच्या गाडीला मी हेच सांगेन, एक चाक वेगळं दिसलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मात्र नट तपासा. काही गाड्यांना अलॉयसाठी सपाट वॉशरचे नट असतात आणि लोखंडी डिस्कला निमुळत्या तोंडाचे लागतात. चुकीच्या नटावर डिस्क नीट बसत नाही आणि चालताना ढिली होते. दुसरी वाट म्हणजे टायर डिस्कवरून काढून अदलाबदल करायची. त्यात काढणं, चढवणं आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) असा खर्च येतो, म्हणून घरच्या गाडीला ते प्रत्येक रोटेशनला न करता एक सोडून एक केलं तरी चालेल.

टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो टायर एकाच बाजूला चालतो आणि खाली दिलेला फेरा त्याला लागू होत नाही. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना कंपनीकडून येणाऱ्या टायरांवर सहसा बाण नसतो, पण बाजारातून नवे घेताना नजर टाका.

आणि स्टेपनीच नसेल तर? १ ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी ठेवणं बंधनकारक राहिलेलं नाही. किट खिळ्याचं भोक बुजवतो, फाटलेल्या बाजूला त्याचा उपयोग नाही. खेड्यापाड्यात फिरणाऱ्याने गाडी बुक करतानाच हे विचारून घ्यावं.

दर वेळी ती सुटते कशी

वर्कशॉपच्या जॉब कार्डावर नुसतं ‘टायर रोटेशन’ लिहिलेलं असतं. गाडी लिफ्टवर जाते, समोर चार चाकं दिसतात, चारांची अदलाबदल होते. स्टेपनी सामानाखाली, गाडीच्या पोटाखाली किंवा मागच्या दारावर कुलपात असते. ती काढायची म्हणजे जास्तीचं काम, शिवाय तिचं बॅलन्सिंग कधी झालेलंच नसतं. मालकाने तोंडाने सांगितलं नाही तर कामगार तिला हात लावत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

दुसरं कारण आपल्या मनात आहे. नवी आहे, राहू दे अडीअडचणीला, असं आपल्याला वाटतं. पण रबर वापराने झिजतं तसं वयानेही कडक होतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, स्टेपनीसकट बदलायला सांगतात. बोलेरोची स्टेपनी तर बारा महिने उन्हात असते. कव्हर काढून बाजूच्या रबरावर अंगठा दाबून बघा. बारीक रेषा उघडताना दिसल्या, तर ती स्टेपनी दिसायला कोरी असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

पाच टायरांचा हिशेब

समजा तुमच्या वापरात एक टायर रस्त्यावर ४०,००० किमी चालतो. पाच टायर म्हणजे एकूण दोन लाख किमी चालण्याइतकं रबर. गाडीखाली एका वेळी चार असतात, म्हणून पाच फिरवले तर सगळे मिळून ५०,००० किमी निघतात आणि एकदमच संपतात.

यात फुकटचे दहा हजार मिळाले असं कुणी सांगत असेल तर हिशेब पुरता मांडायला हवा, कारण संपल्यावर चाराऐवजी पाच टायर घ्यावे लागतात. किमीमागचा खर्च तोच राहतो. खरा फायदा वेगळा आहे. पाचवा टायर उन्हात कडक होऊन टाकून द्यावा लागत नाही, आणि कधीही चढवला तरी तो बाकीच्यांच्या जवळपास झिजलेला असतो. मला या दुसऱ्या फायद्याचं मोल जास्त वाटतं.

कारण बघा. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०३ मिमी. कोऱ्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल. बाकीच्यांच्या खाचा ३ मिमीवर आल्या असतील तर त्यांचा व्यास १० मिमीने कमी झालेला असतो. म्हणजे किमीमागे झिजलेलं चाक कोऱ्यापेक्षा सहा-सात फेरे जास्त फिरतं. दोन्ही मागच्या चाकांत असा फरक पडला की सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरन्शियलमधले (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेतले) लहान गिअर सतत फिरत राहतात, जे एरवी फक्त वळणावर फिरतात. गावापर्यंत जाण्याइतकं अंतर असेल तर काही होत नाही, पण महिनोन् महिने तसंच चालवू नका. दोन्ही चाकं एकत्र जखडणारं लॉकिंग डिफरन्शियल असेल तर त्याहून वाईट. थारसारख्या फोर-बाय-फोरमध्ये फोर-व्हील लावलं की पुढचा-मागचा आख एकमेकांना जखडला जातो, तिथे चाकांच्या घेरातला फरक थेट गिअरबॉक्सवर ताण आणतो. अशा गाडीत चार चाकांच्या खाचांत २ मिमीहून जास्त फरक पडू देऊ नये.

फेरा

मागच्या चाकांवर ओढणाऱ्या (इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो अशा) किंवा फोर-बाय-फोर गाडीसाठी: स्टेपनी जाते मागच्या उजव्या जागी, मागचा उजवा जातो पुढच्या उजव्या जागी, पुढचा उजवा मागच्या डाव्या जागी, मागचा डावा पुढच्या डाव्या जागी, आणि पुढचा डावा स्टेपनी होतो.

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या, म्हणजे अर्टिगासारख्या गाडीसाठी: स्टेपनी मागच्या उजव्या जागी, मागचा उजवा पुढच्या डाव्या जागी, पुढचा डावा मागच्या डाव्या जागी, मागचा डावा पुढच्या उजव्या जागी, पुढचा उजवा स्टेपनी.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाच टायरांची आकृती दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर वरचा फेरा बिनधास्त वापरा. यात प्रत्येक टायर पाचही जागा फिरतो आणि कुठल्याही दोन टायरांच्या चालण्यात एका फेऱ्यापेक्षा जास्त फरक पडत नाही.

अंतर दर १०,००० किमी. घाटातली रोजची ये-जा असेल, आंबा घाट किंवा वरंध घाटासारखी, तर आठ हजारांवर या. वळणांमुळे पुढच्या टायरांच्या कडा लवकर खाल्ल्या जातात.

पहिल्या दहा हजारांना बाकीचे टायर साधारण दीड मिमी झिजलेले असतात. तेव्हा स्टेपनी आत आली तर गाडीला फरक कळतही नाही. वीस हजारांना तीन मिमीचा फरक होतो. म्हणून पहिल्याच रोटेशनला सांगा. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यापेक्षा जॉब कार्डावर ‘पाच टायरांचं रोटेशन, स्टेपनीचं बॅलन्सिंग धरून’ असं लिहून घ्या.

काम झालं की नाही हे कसं कळणार? रोटेशनच्या आदल्या दिवशी खडूने प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला जागा लिहा: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ., स्टे. गाडी परत आली की वाकून वाचा. खडू धुण्यात जाईल असं वाटलं तर बाजूवरच्या पूर्ण नंबरचे फोटो काढून ठेवा. पाचही टायर एकाच आठवड्यात बनलेले असू शकतात, म्हणून नुसते तारखेचे चार आकडे पुरत नाहीत.

अर्ध्यावरून सुरुवात करायची असेल तर

बहुतेक वाचक इथेच असतील. आधी खाचा मोजा. खोली मोजायचं गेज टायरच्या दुकानात असतंच. एका टायरवर तीन ठिकाणी लावा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. सगळ्यात कमी आकडा धरा.

स्टेपनी आणि बाकीच्यांत दोन मिमीपर्यंत फरक असेल तर सरळ फेऱ्यात घ्या. तीन-चार मिमी असेल तर तिला एकटीला कोणत्याही जोडीत घालू नका. स्टेपनीसारखाच, त्याच कंपनीचा त्याच नक्षीचा एक नवा टायर घ्या आणि ही नवी जोडी मागे लावा. जुन्या चारांतले जास्त झिजलेले दोन काढा, त्यातला बरा स्टेपनी म्हणून ठेवा. फोर-बाय-फोरला ही जोडणी चालणार नाही, कारण पुढे-मागे फरक राहतो. तिथे चारही एकदमच बदला आणि नव्या सेटला पाच टायर घेऊन पहिल्यापासून फेरा सुरू करा.

नवी जोडी मागेच का? गाडी पुढून ओढणारी असली तरी मागेच. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर हाताशी येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

सगळ्यात झिजलेला टायर १.६ मिमीवर आला असेल तर यातलं काही करू नका, तो काढा. कायद्याची मर्यादा तीच आहे, आणि खाचेतल्या छोट्या उंचवट्याला नक्षी टेकली की ती गाठली असं समजायचं. पावसाळ्याच्या तोंडावर मी तर ३ मिमीलाच बदला म्हणेन.

फिरवण्याआधी टायर वाचा

रोटेशन झिजण्याचं कारण दूर करत नाही, ते फक्त झीज सगळ्यांत वाटून टाकतं. गाडी टायर खात असेल आणि तुम्ही नुसते फिरवत राहिलात, तर पाचही टायर एका कडेने खाल्ले जातील.

मध्य जास्त झिजलाय: हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्यात: हवा कमी. एकच कड झिजलीय: अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत; कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) गेलाय. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना कडा टोचत असतील तर टो बिघडलाय. जागोजाग खोलगट वाट्यांसारखी झीज असेल तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. हे आधी दुरुस्त करायचं, मग फेरा.

फिरवल्यानंतरच्या तक्रारी

गाडी ओढते. हवा बरोबर असूनही ओढत असेल तर फक्त पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरात आहे, त्यांना मागे पाठवा. दिशा तीच राहिली तर अलाइनमेंट. आधी अलाइनमेंटचे पैसे भरून मग टायर बघणारे बरेच असतात, क्रम उलटा ठेवला तर खर्च वाचतो.

ऐंशी-नव्वदला थरथर. स्टिअरिंगमध्ये जाणवली तर पुढचं चाक, सीटखाली जाणवली तर मागचं. पाच टायरांच्या फेऱ्यात पहिला संशय स्टेपनीवर घ्या, कारण तिचं बॅलन्सिंग राहून गेलेलं असतं. तेही झालं असेल तर चाक काढून हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्याचा, सपाट भाग बघा. कोकणात, समुद्राकाठच्या गावांत हबवर गंजाचे पापुद्रे चढतात, त्यावर डिस्क किंचित तिरकी बसते आणि मशीनवर अचूक बॅलन्स झालेलं चाकही थरथरतं. तारेच्या ब्रशने हब आणि डिस्कची आतली बाजू घासून काढली की बऱ्याचदा तिथेच प्रश्न मिटतो.

घुंऽऽ असा आवाज. मागचे टायर पुढे आले की त्यांच्या दातेरी झालेल्या कडा ऐकू येतात. थोडं चालल्यावर कमी होतो. वाढतच गेला तर व्हील बेअरिंग तपासा.

टायरचा दिवा लागला. प्रत्येक चाकात सेन्सर असलेल्या गाड्यांत स्टेपनीत सहसा सेन्सर नसतो, त्यामुळे ती चढवली की दिवा लागलेलाच राहतो. अशा गाडीला स्टेपनीसाठी पाचवा सेन्सर घ्यावा लागतो. चाकाच्या वेगावरून अंदाज करणारी यंत्रणा असेल तर हवा भरून रीसेट करा.

नट. हवेच्या गनने कचाकच आवळून देतात, कुणी जास्त, कुणी कमी. चाक जमिनीला टेकल्यावर हाताच्या पान्याने, एक सोडून एक असे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आवळून घ्या. साधारण शंभर किमी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. रंग दिलेल्या किंवा नुकत्याच घासलेल्या डिस्कला हे टाळू नका.

पोटाखालची स्टेपनी

अर्टिगा, स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या गाड्यांत स्टेपनी खाली लटकते आणि पान्याने फिरवून खाली सोडायची असते. चिखल, पाणी आणि धूळ खाऊन ती यंत्रणा अडकते. रात्री घाटात स्टेपनी खालीच येत नाही, ही तक्रार मूळ याचीच. दर दहा हजारांना ती उतरली तर यंत्रणा आपोआप चालती राहते. उतरवल्यावर चिखल धुऊन दोरी किंवा साखळीला ग्रीस लावा. चोरी होऊ नये म्हणून कुलूप-नट लावला असेल तर त्याची चावी गाडीतच एका ठरलेल्या जागी ठेवा आणि गाडी दुसऱ्या कुणाला देताना ती जागा सांगा.

हवा

टायरमधून महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय हवा आपसूक जाते. सहा महिने न बघितलेली स्टेपनी म्हणजे बसलेला टायर. दाराच्या चौकटीवर दिलेल्या दाबांपैकी पूर्ण भाराचा दाब बघा आणि स्टेपनीत त्याहून दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. रस्त्यावर जास्तीची हवा सोडता येते, कमी असली तर भरायला जागा नसते. फेऱ्यात आल्यावर आपल्या जागेच्या दाबावर आणायला विसरू नका. पंपावर चार चाकांची हवा भरून घेताना पाचव्याचंही सांगा, आणि पुढे नोझल बाहेरून सापडेल अशा बेताने स्टेपनी बसवून घ्या.

मधेच पंक्चर झालं तर

फेरा मोडतो तो बहुतेक इथे. पंक्चर होतं, स्टेपनी चढते, काढलेला टायर दुरुस्त होऊन मागे लटकतो आणि तसाच राहतो. पुढच्या रोटेशनला कुठला टायर कुठून आला हे कुणालाच आठवत नाही. दुरुस्त झालेला टायर पंक्चरवाल्याकडेच पुन्हा आपल्या जागी लावून घ्या. ते जमत नसेल तर तारीख, किमी आणि कोणती दोन चाकं बदलली एवढं फोनमध्ये लिहून ठेवा, आणि पुढचा फेरा आहे त्या जागांवरून चालू ठेवा. दुरुस्ती नक्षीच्या भागात झाली असेल तरच तो टायर फेऱ्यात राहील. बाजूला भोक पडलं असेल किंवा फुगा आला असेल तर तो गेला. त्याच्या जागी येणारा नवा टायर पुन्हा मोजून, दोन मिमीच्या हिशेबात बसला तरच आत घ्या.